मिनी कूपर एंजिने

ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या मिनी या छोट्या मोटारगाडीच्या वेगवान प्रकारांत १९६१ ते १९७१ या काळात बसविलेली चार सिलिंडरांची पेट्रोल एंजिने. ॲलेक इसिगोनिस (१९०६–८८) यांच्या अभिकल्पानुसार तयार झालेली मूळ मिनी ऑगस्ट १९५९ मध्ये बाजारात आली. तिचे ८४८ घ. सेंमी.चे एंजिन १९५१ मधील ऑस्टिन ए ३० या गाडीपासून सुरू झालेल्या ‘ए’ मालिकेतील होते.

शर्यतीच्या गाड्यांचे निर्माते जॉन कूपर (१९२३–२०००) यांच्या सहकार्याने १९६१ मध्ये ९९७ घ. सेंमी.चे, दोन कार्ब्युरेटरांचे व ५५ अश्वशक्तीचे एंजिन असलेली मिनी कूपर निघाली. १९६४ मध्ये ९९८ घ. सेंमी.चे एंजिन आले. आकारमान जवळजवळ समान असले, तरी पहिल्यात सिलिंडराचा व्यास ६२·४ मिमी. व दट्ट्याची धाव ८१·३ मिमी. असून दुसऱ्यात ही मापे अनुक्रमे ६४·६ व ७६·२ मिमी. आहेत.

कूपर एस प्रकारात (१९६३) व्यास सुमारे ७०·६ मिमी. करण्यात आला. त्यासाठी कडेचे सिलिंडर बाहेरच्या बाजूस व मधले दोन परस्परांजवळ सरकवावे लागले. ६१·९, ६८·३ व ८१·३ मिमी. धावेमुळे अनुक्रमे ९७०, १,०७१ व १,२७५ घ. सेंमी.ची एंजिने मिळाली. मिनी कूपर एसने माँटी कार्लो रॅली १९६४, १९६५ व १९६७ मध्ये जिंकली.

या यशामुळे अस्सल भागांची किंमत वाढली व साध्या एंजिनांना कूपरचे रूप देण्याचे प्रकार होऊ लागले. म्हणून ओळख पटविणे महत्त्वाचे ठरते. एंजिन क्रमांकाची पट्टी रिव्हेटने बसविलेली असल्याने ती बदलता येते. सिलिंडर-शीर्षावरील ‘१२ जी ९४०’ हा ओतीव क्रमांक कूपर एसप्रमाणेच साध्या १३०० वर्गातील गाड्यांच्या शीर्षांवरही आढळतो. एसच्या शीर्षास नेहमीच्या नऊ खुंटांखेरीज दोन टोकांस प्रत्येकी एक अधिक बांधणी असते. परंतु अशी छिद्रे नंतरही पाडता येतात. नायट्रीकरण केलेल्या ईएन ४० बी पोलादाचा भुजादंड हा अधिक सबळ पुरावा होय. मात्र तोही दुसऱ्या एंजिनातून काढून बसविता येतो. दुरुस्तीत सिलिंडराचा व्यास वाढविलेला असण्याचाही संभव असतो.

यावरून एकेका खुणेने फक्त त्या भागाचे मूळ कळते, एंजिनाचे नव्हे. ठोकळा, शीर्ष, भुजादंड, प्रत्यक्ष मापे व गाडीची नोंद यांचा परस्पर मेळ बसला, तरच एंजिन अस्सल मानणे योग्य ठरते.