फलकलेखन

आमच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर वर्गात आले की सर्वप्रथम नवा कोरा खडू मधोमध मोडीत. अखंड खडू फळ्यावर किंचाळतो आणि अर्धा मुकाट्याने चालतो, हे ज्ञान त्यांना फलकलेखन नावाच्या विषयाने दिले होते, आणि तो विषय त्यांना परीक्षेस होता. शिक्षकांना संगणकावर चित्रे जुळवावयास आणि चित्रफिती तयार करावयास शिकविणारे वर्ग हल्ली जागोजागी भरतात, आणि असे काही पूर्वी कधी घडलेच नव्हते अशा थाटात त्यांचे उद्घाटन होते, तेव्हा मला तो मोडलेला खडू आठवतो.

सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत जी कलाशाळा सुरू झाली, तिचा अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या धाटणीचा होता आणि हेतू कलावंत घडविण्यापेक्षा हुन्नरी कारागिरांचा हात वळविण्याचा अधिक होता. चित्रकला ही अशी रीतसर शिकविण्याची आणि तपासण्याची बाब ठरल्यावर पुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा आल्या, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती आणि अक्षरलेखन अशी त्यांची वाटणी झाली, आणि सरकारी दप्तरात ‘ड्रॉइंग मास्तर’ हा एक हुद्दा कायम झाला. हुद्दा मामुलीच, शाळेच्या वेळापत्रकात उरलेला तास त्यांच्या वाट्यास येई. परंतु इतिहासाच्या गुरुजींना नकाशा हवा असो की संमेलनास फलक, दरखास्त त्यांच्याकडेच जाई.

आमच्या मास्तरांनी एकदा शास्त्राच्या तासाला हृदयाची आकृती काढली, ती अजून डोळ्यांपुढे आहे. प्रथम केवळ बाह्यरेषा. मग एक उभा पडदा. मग आडव्या धरलेल्या निळ्या खडूचा एक पट्टा, आणि तो कोठून आला हे सांगून होईपर्यंत लाल खडू खिशातच. शेवटी झडपेच्या जागी त्यांनी ओल्या बोटाने रेषा एवढीशी पुसली आणि त्या फटीतून रक्त वाहते आहे असे आम्हा पोरांना खरोखर वाटले. आकृती सुंदर होती असे म्हणवत नाही. पण ती आमच्या समजुतीच्या चालीने वाढत गेली, आणि माझ्या मते फलकलेखनाचे मर्म या क्रमात आहे, हस्तकौशल्यात नव्हे.

प्रकाशाने चित्र दाखविण्याची विद्याही आपल्याकडे नवी नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या भारदस्त नावाने जादूच्या दिव्याचे खेळ आरंभिले. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे पडद्यावर एकामागून एक सरकत आणि जोडीला निवेदन चाले. तो खेळ रंजनाचा होता, शाळेचा नव्हे. तरी चित्र कधी बदलावे हे बोलणाऱ्याच्या ओघावर ठरे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी स्थापन होऊन दूरदर्शनकरिता शैक्षणिक कार्यक्रम होऊ लागले, तेव्हा हा ओघ वर्गातून निर्मितिगृहात गेला आणि गुरुजी मुलांबरोबर बाकावर बसून पाहू लागले. ती संस्था २०१७ साली बंद झाली.

संगणकाने चित्राची सूत्रे शिक्षकाच्या हाती परत दिली खरी, पण नवशिक्याचा पहिला मोह असा की पडद्यावर सारेच एकदम मांडावे: चारही कप्पे, आठ नावे, तीन रंग, आणि कोपऱ्यात फिरणारे फूल. अशा प्रशिक्षणात मीही बसलो आहे. अक्षरांचे वळण, रंगांची संगती, मोकळी जागा यांवर दोन दिवस ऐकले, आणि हे सारे अक्षरलेखन व संकल्पचित्र या जुन्या नावांनी ठाऊक आहे असे सांगण्याचा धीर मात्र झाला नाही.

पुढे २०२० ची टाळेबंदी आली आणि शाळांना कुलपे लागली. त्या दिवसांत पुण्यातील एका रसायनशास्त्राच्या शिक्षिकेचे छायाचित्र घरोघर पोहोचले. मोबाईल ठेवण्याची घोडी जवळ नसल्याने त्यांनी तो कपड्यांच्या हँगरला बांधला होता, हँगर खुर्चीच्या आणि दोऱ्यांच्या आधाराने अधांतरी तोलला होता, आणि त्याच्यासमोर होता फळा. हातात खडू घेऊन त्या लिहीत होत्या.