ऑर्गन (मराठी संगीत रंगभूमी)

ऑर्गन हे मराठी संगीत नाटकांत गायनाच्या साथीसाठी वापरले जाणारे, पायांनी भाता चालवून वाजविण्याचे स्वरवाद्य आहे. चर्चमधील भव्य ऑर्गनशी त्याचे नाव जुळत असले, तरी त्यात नळ्या नसतात. हवेच्या झोताने कंप पावणाऱ्या धातूच्या पट्ट्यांतून नाद उमटतो. त्या अर्थाने तो हार्मोनियमचा थोरला भाऊ होय.

रचना

वादक दोन्ही पायांनी आळीपाळीने पायटे दाबतो. हार्मोनियममध्ये भात्यातील हवा दाबाने बाहेर पडते, तर अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते. त्यामुळे नाद अधिक मऊ व भरीव होतो. हातपेटीत एक हात भात्यात अडकतो. येथे दोन्ही हात मोकळे राहतात. उजव्या हाताने चाल आणि डाव्या हाताने आधारस्वर धरता येतो. ध्वनिवर्धक नसलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत स्वर पोहोचविण्यास हा भरणा मोलाचा ठरला.

रंगभूमीवरील स्थान

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ने १८८० मध्ये संगीत नाटकाची परंपरा रुजविली. बालगंधर्वांच्या काळात ऑर्गनला विशेष प्रतिष्ठा लाभली. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष अशी साथ असे. पुढील पिढीत गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) यांनी हार्मोनियमबरोबरच ऑर्गनवरही प्रभुत्व मिळविले. गायकाची जागा क्षणार्धात उचलून तिला सुरांची जोड देणे ही त्यांच्या साथीची खूण होती.

आक्षेप

ऑर्गनचे स्वर ठरावीक असतात. दोन स्वरांमधील मींड व श्रुतींचे सूक्ष्म भेद त्यावर उमटत नाहीत, हा आक्षेप जुना असून तो खोटाही नाही. याच कारणास्तव आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये अंशतः शिथिल झाली. रंगभूमीने मात्र हे वाद्य सोडले नाही. मींड गायकाच्या गळ्यात असतेच. साथीदाराने तिच्याखाली स्वर पसरून तिला उठाव द्यावा, अशी कुशल वादकांची रीत होती. नको त्या ठिकाणी बोट उचलणे हेही त्या कौशल्यातच मोडते.

पाश्चात्त्य ऑर्गनशी तुलना

युरोपात ऑर्गनने निराळीच कामगिरी केली. इटलीत नाताळच्या सुमारास मेंढपाळ पावा व मशकवाद्य वाजवीत. त्यातील डोलणारी लय आणि सतत घुमणारा आधारस्वर यांवरून ‘पास्टोरल’ हा रचनाप्रकार घडला; बाखची एफ मेजरमधील पास्टोरल ही त्यातील प्रसिद्ध रचना होय. १९५८ मध्ये जन्मलेले जर्मन संगीतकार हान्स-आंद्रे स्टाम यांनीही केल्टिक लोकसंगीताचे वळण ऑर्गनवर आणले. या रचनांत वाद्य स्वतःच रानातला पावा बनते. मराठी रंगभूमीवर ते गळ्याची सावली झाले. धनगरी ओवीला ऑर्गनवर जागा मिळाली नाही. तो आधारस्वर मात्र सनईला सूर धरणाऱ्या दुसऱ्या सनईच्या रूपाने येथील श्रोत्यांना परिचितच आहे.

सद्यःस्थिती

जड लाकडी पेटी गावोगाव नेणे नाटक कंपन्यांना अवघड होते. आता पुष्कळ प्रयोगांत हार्मोनियम किंवा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वापरला जातो, आणि त्यावरही बहुधा ऑर्गनचाच आवाज निवडतात.