आकाशांतील शिवा

दोन शहरांमधील प्रवासास किती वेळ लागतो, असें विचारलें तर शाळेंतील विद्यार्थी अंतरास वेगानें भागून उत्तर देईल. गणित म्हणून तें निर्दोष होय. परंतु इतिहासाचा अनुभव निराळा आहे. उदाहरणार्थ, आम्ही येथें फिनलंडची राजधानी हेल्सिंकी व जपानची राजधानी टोकियो हीं दोन शहरें घेतों.

पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहिल्यास त्यांमधील अंतर सुमारें ७,८०० किलोमीटर भरतें. हा दोरा बहुतांशीं रशियाच्या भूमीवरून जातो, आणि सारी अडचण तेथेंच आहे. आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राची पूर्ण सत्ता असते, हें तत्त्व १९४४ सालीं शिकागो येथील करारांत नमूद झालें. जमिनीवरील शिवेचा दगड अशा रीतीनें मेघांतही जाऊन बसला. सोव्हिएट रशिया तर १९७० पर्यंत त्या करारांत सामीलही नव्हता, आणि सैबेरियावरील आकाश पश्चिम युरोपच्या विमानांस दीर्घकाळ बंद होतें. म्हणून १९५७ सालीं स्कॅंडिनेव्हियन विमान कंपनीनें कोपनहेगनहून टोकियोस जाण्यासाठीं उत्तर ध्रुवाच्या बाजूनें, अलास्कांतील अँकरेजमार्गें वाट काढली. पुढें मॉस्कोस उतरून जाण्याची मुभा कांहीं कंपन्यांस मिळाली. परंतु १९८३ च्या एप्रिलांत फिनएअर कंपनीनें हेल्सिंकीहून टोकियोस कोठेंही न उतरतां जाणारें विमान सुरू केलें, तेव्हां तेंही ध्रुवाच्या वाटेनेंच गेलें. त्यास सुमारें तेरा तास लागत.

एवढी सावधगिरी अनाठायी होती काय? त्याच वर्षीं १ सप्टेंबर रोजीं वाट चुकून सोव्हिएट आकाशांत शिरलेलें एक कोरियन प्रवासी विमान पाडण्यांत आलें, आणि त्यांतील २६९ माणसें प्राणांस मुकलीं.

शीतयुद्ध निवळल्यावर सैबेरियाची वाट खुली झाली व तोच प्रवास साडेनऊ-दहा तासांत होऊं लागला. युरोपांतून पूर्व आशियास जाण्याची जवळची वाट म्हणून हेल्सिंकीचें महत्त्व वाढलें. एका लहान राष्ट्रास भूगोलानें दिलेलें हें दान होतें खरें. पण तें भोगणें शेजाऱ्याच्या मर्जीवर होतें. २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर स्वारी केली. युरोपीय राष्ट्रांनीं रशियन विमानांस आपलें आकाश बंद केलें; रशियानेंही तेंच केलें. मार्चांत फिनएअरचीं विमानें मोठा वळसा घेऊन टोकियोस जाऊं लागलीं, आणि प्रवासाचा काळ पुन्हा सुमारें तेरा तासांवर गेला.

मधल्या एकोणचाळीस वर्षांत यंत्र पुष्कळ सुधारलें होतें. तीन एंजिनांच्या विमानाच्या जागीं दोन एंजिनांचें, कमी इंधन जाळणारें विमान आलें होतें. तरी घड्याळाचा कांटा १९८३ च्याच जागीं परतला! विज्ञानानें जग जवळ आणलें, असें आपण नित्य म्हणतों. तें म्हणतांना इतिहासाच्या अभ्यासकानें विमानांच्या वेळापत्रकाकडेही एक नजर टाकावी, असें आम्हांस वाटतें. त्यांतील कांहीं तास वाऱ्याचे व यंत्राचे असतात. उरलेले राष्ट्रांच्या वैराचे असतात, आणि ते प्रवाशास मुकाट्यानें बसून काढावे लागतात.