न लागणाऱ्या फायलींचा शोध

एखादा प्रोग्रॅम ज्या इतर फायलींवर किंवा आयत्या घेतलेल्या लायब्रऱ्यांवर विसंबून असतो त्यांना डिपेंडन्सी म्हणतात. त्यांची यादी माणसाने लिहावी की कोड वाचून यंत्रानेच तयार करावी, हा प्रश्न १९७०च्या दशकापासून चालत आला आहे.

बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली ‘मेक’ हे साधन रचले, त्याला निमित्त झाले ते सहकाऱ्याच्या वाया गेलेल्या सकाळचे: चूक दुरुस्त झाली होती, पण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल न केल्याने, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात न आणल्याने, जुनाच प्रोग्रॅम चालत राहिला. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे मेकफाइलमध्ये लिहिले की बदलाची झळ पोचलेले भागच मेक नव्याने बांधत असे. मात्र यादीतून एखादे नाव गळले, तर तीच चूक परत होई. म्हणून पुढे कंपायलरकडूनच ही यादी काढून घेण्याची सोय झाली.

नको असलेल्या नोंदींनी काम अडत नाही, म्हणून त्या साचत गेल्या. रॉब पाइक यांनी नोंदवले आहे की १९८४ मध्ये युनिक्सची ‘पीएस’ ही आज्ञा कंपाइल होताना एकच हेडर फाइल, म्हणजे घोषणांची सामायिक फाइल, ३७ वेळा उघडली गेली आणि ३६ वेळा तिचा मजकूर टाकून दिला गेला. २००७ मध्ये गूगलच्या एका सी++ प्रोग्रॅमच्या सुमारे २,००० फायली मिळून ४.२ मेगाबाइट भरत, पण हेडर उलगडल्यावर कंपायलरपुढे ८ गिगाबाइटहून अधिक मजकूर येई. आणि त्यातले कोणते हेडर काढले तरी चालेल, हे सी++मध्ये सहज ठरवता येत नाही. याच अनुभवातून घडलेल्या, २००९ मध्ये जाहीर झालेल्या ‘गो’ भाषेने न वापरलेली आयात, म्हणजे मागवलेली पण न लागलेली लायब्ररी, ही चूकच ठरवली आणि असा प्रोग्रॅम कंपाइल करण्यास नकार दिला. काम चालू असताना हा नियम जाचतो, तरी या प्रश्नाला इतके सरळ उत्तर क्वचितच कोणी दिले असेल. २०१८ पासून ‘गो मॉड टायडी’ ही एकच आज्ञा राहून गेलेल्या नोंदी भरते आणि निरुपयोगी नोंदी काढते.

जावास्क्रिप्टमध्ये गुंता वेगळा आहे. तिथे पॅकेजे, म्हणजे आयत्या लायब्रऱ्या, आणून बसवणाऱ्या एनपीएम या साधनाच्या तिसऱ्या आवृत्तीने २०१५ मध्ये पॅकेजे शक्यतो एकाच पातळीवर ठेवायला सुरुवात केल्यावर, दुसऱ्या पॅकेजाने आणलेले पॅकेज आपल्या यादीत नसतानाही वापरता येऊ लागले. मधल्या पॅकेजाने ते सोडले की प्रोग्रॅम मोडतो. ‘डेपचेक’सारखी साधने कोड आणि यादी ताडून असे दोष आणि न वापरलेली पॅकेजेही दाखवतात; परंतु ज्याचे नाव प्रोग्रॅम चालतानाच ठरते, असे पॅकेज त्यांना निरुपयोगी वाटू शकते, त्यामुळे काढण्याआधीची शेवटची तपासणी माणसालाच करावी लागते.