चाकोरी, धाव आणि टायर

'चाकोरीबाहेरचं जगणं' असं आपण मोठ्या कौतुकानं म्हणतो. पण चाकोरी म्हणजे काय हे आता किती जणांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं? चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी जमिनीत पाडलेली दोन समांतर घरं. पावसाळ्यात काळ्या मातीत एक गाडी गेली की तिच्या मागून येणारी प्रत्येक गाडी त्याच घरातून जायची, आणि दिवाळीनंतर चिखल वाळला की ती घरं दगडासारखी पक्की व्हायची. मग बैलांनी ठरवलं तरी बाहेर निघता येत नसे. आमच्या खानदेशातली काळी कपाशीची जमीन ज्यांनी पावसात तुडवली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आज हा विषय निघण्याचं कारण म्हणजे जळगावच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या उंच केलेल्या जीपगाड्या. मूळ गाडी आधीच उंच, तिला स्प्रिंगा बदलून आणखी दोन-तीन इंच वर उचललेलं, आणि खाली ट्रॅक्टरला शोभतील असे दातेरी टायर. ही गाडी पाहिली की मला बैलगाडीचं चाक आठवतं. थट्टा म्हणून नाही. या दोन्हींचं गणित एकच आहे म्हणून. ते गणित उलगडण्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती गेला तेव्हा इथं गाडीवाट म्हणावी अशी वाट फारशी नव्हती. माल जायचा तो लमाण-वंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, बैलांच्या पाठीवर. दख्खनमध्ये ज्या थोड्या गाड्या होत्या त्यांची चाकं दगडाची किंवा भरीव लाकडाची असत. १८३६ च्या सुमारास गेझफर्ड नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्यानं सोलापूरकडच्या टेंभुर्णीला आऱ्यांची हलकी, शेतकऱ्याला परवडेल अशी गाडी तयार करवली आणि तिचा प्रसार झाला. मग १८६० च्या दशकात रेल्वे आली. त्याच काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं (१८६१ ते ६५) तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतापासून स्टेशनापर्यंत कापूस न्यायचा तर गाडी हवीच. जळगाव शहर जे वाढलं ते या कापसावर, रेल्वेवर आणि बैलगाडीवर.

त्या गाडीचं चाक कसं असायचं? मधोमध तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेर वाकलेले लाकडी तुकडे जोडून केलेला घेर आणि त्यावर लोखंडी धाव. लाकूड बहुधा बाभळीचं. धाव चढवणं हा बघण्यासारखा सोहळा असे. धाव मुद्दामच चाकापेक्षा किंचित लहान करायची. गोवऱ्यांच्या आगीत ती लालबुंद तापवायची, तिघा-चौघांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि सगळे सांधे करकचून आवळले जातात. वर्गात उष्णतेनं होणारं प्रसरण शिकवताना मी हेच उदाहरण घेत असे. दीड मीटर व्यासाच्या धावेचा घेर साधारण पावणेपाच मीटर. ती पाचशे अंशांनी तापली तर हा घेर जवळपास तीन सेंटिमीटर वाढतो. सुतार-लोहारांना हे सूत्र ठाऊक नव्हतं, पण तीन सेंटिमीटर बरोबर ठाऊक होते! गाडीखाली वंगणाचा नळा लटकत असे. 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हण त्यावरूनच आली.

चाक एवढं मोठं का? कारण रस्ता वाईट. लहान चाक खड्ड्यात पुरतं उतरतं, मोठं चाक खड्ड्याच्या दोन्ही कडांवर टेकून पुढं जातं. घेर अरुंद का? कारण वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थराला टेकायचं. म्हणजे उंच आणि अरुंद चाक हे काळ्या मातीला दिलेलं उत्तर होतं. त्यात बसणाऱ्याच्या सुखाचा विचार मात्र नव्हता. लोखंड, लाकूड, त्यावर साटा आणि त्यावर माणूस. मध्ये मऊ असं काही नाही. म्हणून तर माहेरवाशिणीला आणताना दमणीत कडबा पसरून वर गोधडी टाकत. शिवाय हीच लोखंडी धाव सरकारनं बांधलेल्या खडीच्या रस्त्याला सुरीसारखी कापत जाई. चाकानं रस्ता खराब करायचा आणि खराब रस्त्यासाठी पुन्हा तेच चाक वापरायचं, असं ते चक्र होतं.

हे चक्र मोडलं हवेनं. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसानं हवा भरलेल्या चाकाचं पेटंट १८४५ सालीच घेतलं होतं, पण ते चाललं नाही. पुढं जॉन बॉईड डनलॉपनं बेलफास्टमध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर केला आणि १८८८ साली पेटंट घेतलं. हा डनलॉप होता जनावरांचा डॉक्टर! त्याच्या शोधाचं सुख शेवटी आपल्या बैलांनाही मिळालं, याची मला नेहमी गंमत वाटते. १९३६ साली बंगालमध्ये साहागंजला डनलॉपचा कारखाना निघाला. कालांतरानं बैलगाड्यांनाही रबरी टायर लागले. आपल्याकडं तिला टायरगाडी म्हणू लागले. बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी तर बैलगाडी सुधारण्याचा विषय कित्येक वर्षं लावून धरला होता.

आता यातली गोम बघा. टायरगाडीचं चाक जुन्या चाकाच्या जेमतेम निम्म्या उंचीचं. तरीही तीत बसणाऱ्याला धक्के कमी आणि बैलांच्या मानेला त्रासही कमी. म्हणजे सुख उंचीत नव्हतं. ते रस्ता आणि लोखंड यांच्यामध्ये असलेल्या हवेत होतं. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच.

दरम्यान रस्तेही बदलत होते. आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्त्यांसाठी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसला आणि १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. १९४३ साली नागपूरला देशभरचे मुख्य अभियंते जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा रस्ते आराखडा आखला. आमच्या जळगाव-धुळ्यावरून जाणारा जुना सहा नंबरचा महामार्ग २०१० च्या फेररचनेत ५३ नंबरचा झाला. याच महामार्गावर पुढं अमरावती-अकोला टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनेसचा विक्रम नोंदवला गेला. ज्या मातीत गाड्या आखापर्यंत रुतत, त्याच मातीवरून आज शंभरच्या वेगानं गाड्या जातात.

आणि नेमक्या याच काळात आपण गाड्या उंच करायला निघालो!

महिंद्रांनी जोडलेल्या जुन्या विलीज जीपचे टायर आठवा. सहा इंच रुंद, सोळा इंची रिमवर बसणारे, उंच आणि अरुंद. म्हणजे बैलगाडीचाच विचार, फक्त हवेसकट. वाटा तशाच होत्या, त्यामुळं ते योग्यच होतं. २०२० साली नाशिकच्या कारखान्यातून नवी थार आली ती मात्र दोन मापांचे टायर घेऊन. वरच्या प्रकाराला २५५/६५ आर १८ आणि साध्या प्रकाराला २४५/७५ आर १६. हे आकडे वाचता आले की निम्मं काम होतं. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्केवारीत. 'आर' म्हणजे रेडियल, आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत. आता गुणाकार करा. पहिल्या टायरची भिंत १६६ मिलिमीटर येते, दुसऱ्याची १८४. बाहेरून दोन्ही चाकं जवळपास सारख्याच उंचीची. पण दिसायला साध्या असलेल्या सोळा इंची चाकात हवेची गादी १८ मिलिमीटरनं जास्त! २०२४ च्या थार रॉक्सला २५५/६० आर १९ असंही माप आलं. त्याची भिंत १५३ मिलिमीटर. रिम मोठी आणि चकचकीत होत जाते तशी गादी पातळ होत जाते. कुणी बाहेरचा घेर तोच ठेवून अठराऐवजी वीस इंची रिम बसवतो म्हणाला, तर समजावं की तो धावेकडं परत निघाला आहे.

माझा एक जुना विद्यार्थी यावलकडं केळीची शेती करतो. केळीच्या बागेतल्या वाटा पावसाळ्यात कशा असतात ते तिकडच्यांना विचारा. त्यानं हौसेनं गाडी दोन इंच उचलून घेतली, चिखलासाठीचे मोठ्या दात्यांचे टायर बसवले. शेतात गाडी उत्तम चाले. पण दर दोन महिन्यांनी आईला तपासणीसाठी नाशिकला न्यायचं असे. मणक्याच्या दुखण्यानं बेजार झालेली ती माउली. धुळं येईपर्यंत तिला बसवेना. टायरचा घूं घूं आवाज असा, की मागं बसलेल्याशी बोलायला ओरडावं लागे. दुसऱ्या खेपेनंतर ती म्हणाली, "याच्यापेक्षा आपली दमणी बरी होती रे बाबा. मी येष्टीनं जाईन." तो माझ्याकडं आला. "सर, सीट बदलू का?" म्हणाला.

मी त्याला वहीत हिशेब मांडायला लावला. वर्षभरात गाडी किती चालते आणि त्यातले किती किलोमीटर चिखलातले? शंभरातले सात-आठ निघाले! उरलेले सगळे डांबर आणि काँक्रीट. म्हणजे सात किलोमीटरसाठी त्र्याण्णव किलोमीटर सोसायचं.

टायरचे ढोबळ तीन प्रकार: महामार्गाचे एचटी, सगळीकडं चालणारे एटी आणि चिखलाचे एमटी. एमटीच्या दात्यांमधल्या मोठ्या फटी चिखल बाहेर फेकतात, पण गुळगुळीत रस्त्यावर त्याच फटी गुणगुणतात आणि ओल्या डांबरावर पकड कमी पडते. ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावरून जाताना ऐका, म्हणजे कळेल. शिवाय हे टायर जड. स्प्रिंगेच्या खालचं वजन जितकं जास्त, तितका खड्ड्याचा धक्का वर जास्त येतो. ट्रकसारखी जाड भिंत असलेले 'एलटी' टायर तर आणखी कडक. आठवड्यातून एकदा बागेत जाणाऱ्याला सौम्य एटी पुरतो, आणि न जाणाऱ्याला एचटीच बरा.

बाकीचं थोडक्यात सांगतो. रिम लहान, भिंत उंच. पण ती रिम ब्रेकवर नीट बसते ना ते आधी पाहावं. भार आणि वेगाचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. माप फार वाढवलं तर वेगदर्शक काटा खोटं बोलतो: २५५/६५ आर १८ च्या जागी २८५/७० आर १७ घातला की घेर पाच टक्के वाढतो, आणि काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०५ वर असते. उचललेल्या गाडीचा गुरुत्वमध्य वर गेलेला असतो, वळणावर ती जास्त कलते. गाडी उचलल्यावर चाकांचं अलाइनमेंटही पुन्हा करून घेणं आवश्यक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही वाचून ठेवावा. उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत फेरफार कायद्याला मान्य नाही.

आणि हवा! मऊ लागावं म्हणून काही जण हवा कमी ठेवतात. आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. कमी हवेच्या टायरची भिंत सारखी वाकते, आणखी तापते आणि वेगात फुटते. दाराच्या खांबावर जो आकडा लिहिलेला असतो तेवढी हवा, सकाळी टायर थंड असताना भरावी. नायट्रोजनसाठी अडून बसू नये. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

विद्यार्थ्यानं सीट बदलली नाही. सोळा इंची रिम आणि सौम्य एटी टायर घेतले, गाडी मूळ उंचीवर आणली. बाग अजून अडलेली नाही. आई हल्ली नाशिकला त्याच्याच गाडीनं जाते, आणि चांदवडपर्यंत झोपते म्हणे.

उंच गाडी मिरवू नये असं माझं म्हणणं नाही. तोरणमाळच्या डोंगरात किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी ज्याचं रोजचं काम आहे, त्याला ती हवीच. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या दारातला रस्ता केव्हाच बदलला आहे. आजोबांनी चाक निवडताना आपल्या पायाखालची माती पाहिली होती. आपणही तेवढं पाहावं.