शिपायाच्या अंगावरील सरकारी वस्तु व तिचा हिशेब

मराठ्यांच्या फौजेची रचना, तिचे सरदार व तिच्या मोहिमा यांविषयीं आजवर पुष्कळ साधनें प्रसिद्ध झालीं आहेत. परंतु एका साध्या प्रश्नाकडे अभ्यासकांचें व संग्राहकांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. शिपाई भरबाजारांतून, गांवच्या वेशींतून किंवा स्वतःच्या घरीं जातांना घोडा, भाला, ढाल, तरवार बरोबर बाळगीत असे. त्या वस्तू कोणाच्या, आणि तो त्या चारचौघांत कां बाळगीत असे ? शोभेसाठीं किंवा स्वसंरक्षणासाठीं, हें उत्तर चटकन् सुचतें. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. सरकारनें दिलेली वस्तु शिपायाच्या हातीं असते तेव्हां तिच्याबद्दल जाब देणारा तो असतो. उलट, हा शिपाई कोणाचा, याची साक्ष ती वस्तु देत असते. ही साक्ष कोणत्या राज्यानें शिपायाच्या अंगावर ठेविली व कोणत्या राज्यानें दप्तरांतील कागदावर ठेविली, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दांपासून प्रारंभ करूं. शिलेदार हें फारसी 'सिलाहदार' या शब्दाचें मराठी रूप असून त्याचा मूळ अर्थ हत्यार बाळगणारा असा आहे. बारगीर हाहि शब्द फारसीच. त्याचा मूळ अर्थ ओझें वाहणारा, ओझ्याचें जनावर; पुढें मोंगली फौजेंत दुसऱ्याच्या घोड्यावर बसणाऱ्या स्वारास तो लागूं लागला. मराठी फौजेंत या दोन शब्दांनीं दोन निराळ्या प्रकारचे स्वार दाखविले जात. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, हत्यारेंहि त्याचीं स्वतःचीं. बारगिराचा घोडा सरकारी पागेंतला, व त्याचें सामानहि सरकारांतून मिळालेलें. रस्त्यानें जातांना दोघे सारखेच दिसत. एकाच्या हातांतील वस्तु घरची व दुसऱ्याच्या हातांतील वस्तु सरकारची, हा भेद डोळ्यांना दिसण्याजोगा नव्हता.

शिवाजी महाराजांच्या वेळची पागेची व्यवस्था कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरींत दिलेली आहे. ही बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस, जिंजीच्या मुक्कामीं, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली गेली. सभासदाच्या सांगण्याप्रमाणें पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी अशी चढती परंपरा होती. पंचवीस घोड्यांमागें एक पखाली व एक नालबंद नेमलेला असे. शिलेदारांस पागेच्या हाताखालीं ठेविलें होतें, म्हणजे कोणास बंडाळी करण्याचें बळ राहूं नये. पावसाळ्यांत फौज छावणीस येई. तेथें दाणा, चारा, औषधें व घोड्यांसाठीं पागा यांची तयारी आधींच करून ठेवलेली असे. दसऱ्यास छावणीहून कूच होई.

कूच होतांना फौजेंतील लहानथोर सर्वांच्या चीजवस्तूंची याद करीत. आठ महिने परमुलखांत काढून फौज परत आली म्हणजे सर्वांचा झाडा घेऊन तो जुन्या यादीशीं ताडून पाहत. जें अधिक निघे त्याची किंमत शिपायाच्या हक्कांत वळती करून घेत किंवा तो माल सरकारांत जमा होई, आणि कोणीं लपवून ठेवलें व सरदारास तें उमगलें तर शासन होई. खंडेनवमीस शस्त्रांची पूजा व दसऱ्यास सीमोल्लंघन हा आपला जुना परिपाठ आहे. ज्या सुमारास घरोघर शस्त्रें पूजिलीं जात, त्याच सुमारास छावणींत चीजवस्तूंची मोजणी होई, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

येथें एक आक्षेप संभवतो. सभासदानें सांगितलेला झाडा लुटीचा माल दडपला जाऊं नये यासाठीं होता. सरकारी सामानाची नोंद हा त्याचा हेतु नव्हता, असें कोणी म्हणेल. आक्षेप वाजवी आहे, व हेतूपुरता आम्हांस मान्यहि आहे. परंतु परिणाम पाहावा. जाण्यापूर्वीं शिपायाजवळ काय होतें हें एकदां लिहिलें गेलें, कीं त्याचें स्वतःचें काय व सरकारचें काय हा प्रश्न त्याच्या तोंडच्या शब्दावर अवलंबून राहत नाहीं. तो कागदावर सुटतो. बाजारांतून जाणाऱ्या स्वाराच्या कमरेची तरवार कोणाची, हें बाजारास ठाऊक नसलें तरी यादीस ठाऊक असे.

वरच्या अधिकाऱ्यांवरहि हीच जबाबदारी होती. चिपळूणजवळच्या छावणींतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस महाराजांनीं लिहिलेलें १६७३-७४ च्या सुमाराचें पत्र सुप्रसिद्ध आहे. दाणा व चारा बेतानें न वापरल्यास तो पावसाळ्यांतच संपेल, मग लोक कुणब्यांच्या घरांतील धान्य व गवत ओढूं लागतील, घोडीं मरतील, व त्यांचा दोष तुमच्यावर येईल, असा त्याचा आशय आहे. पत्रांत उंदरानें पेटती वात ओढून नेल्यास गंजीस आग लागेल येथपर्यंत काळजी वाहिली आहे. रयतेविषयींच्या कळवळ्याचें पत्र म्हणून तें नेहमीं वाचलें जातें, व तें योग्यच आहे. परंतु सरकारी वस्तूचा जाब कोणाकडे, हें ठरविणारें पत्र म्हणूनहि तें वाचलें पाहिजे.

उत्तरेंतील मुसलमानी राज्यांनीं याच अडचणीवर दुसरी तोड काढिली होती. अल्लाउद्दीन खिलजीनें घोड्यांस डाग देण्याची व स्वारांचें वर्णन लिहून ठेवण्याची पद्धति सुरू केली. पुढें अकबरानें १५७३-७४ च्या सुमारास तिचें पुनरुज्जीवन केलें. गणतीच्या दिवशीं उसने घोडे व भाड्याचे स्वार उभे करून पगार उपटणाऱ्या मनसबदारांस आळा घालणें हा त्यांतील हेतु होता. येथें नोंद जनावराच्या कातड्यावरहि आहे व कागदावरहि आहे. पण शिपायाच्या पोशाखावर ती कोठेंच नाहीं.

पोशाखावरच ती नोंद ठेवणारें राज्य कसें असतें, हें पाहण्यासाठीं थोडा वेळ युरोपांतील प्रशियाकडे वळणें उपयुक्त होईल. तेथील राजा पहिला फ्रीड्रिख विल्हेल्म (राज्यकाल १७१३-१७४०) यानें १७३३ सालीं सर्व मुलूख लष्करभरतीसाठीं वांटून दिला. पायदळाच्या रेजिमेंटास सुमारें ५,००० व घोडदळाच्या रेजिमेंटास सुमारें १,८०० चुली, असें प्रमाण ठरलें. आपल्या विभागांतील मुलांचीं नांवें रेजिमेंट लहानपणींच पटावर घेई. अशा मुलांना गळ्यांत बांधण्याचा तांबडा पट्टा व टोपीवरचा गोंडा मिळे. त्यांनीं तो घालूनच वावरावें, म्हणजे दुसऱ्या रेजिमेंटाच्या भरतीवाल्यानें त्यांस हात लावूं नये. कवाईत शिकून झाल्यावर शिपाई वर्षांतील बहुतेक महिने रजेवर घरीं राही व शेतीचें काम करी. तरीहि त्यास गणवेषाचा एखादा भाग अंगावर ठेवावा लागे, आणि रविवारीं तो तसाच देवळांत प्रार्थनेस जाई.

याचें कारण दुहेरी होतें. एक तर तो पळून गेल्यास ओळखूं यावा. दुसरें असें कीं, त्या चिन्हामुळें तो जमीनदाराच्या न्यायासनाखालून निघून रेजिमेंटाच्या न्यायासनाखालीं येई. म्हणजे कुणब्याच्या पोराच्या गळ्यांतील तांबडें फडकें हें अधिकारपत्रच होतें. तें राजाचें त्याच्यावरील स्वामित्व सांगे, व त्याचबरोबर जमीनदारापासून त्यास कांहीं अंशीं संरक्षणहि देई. सरकारी वस्तु लोकांत मिरविण्याचें याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, मराठी राज्यानें हा मार्ग कां धरिला नाहीं ? आमच्या मतें याचें उत्तर समाजाच्या स्थितींत आहे. ज्या गांवांत हत्यार फक्त शिपायाजवळच असतें तेथें अंगावरील वस्तूवरून शिपाई ओळखतां येतो. महाराष्ट्रांत पाटील, देशमुख, वाटसरू, व्यापाऱ्याच्या तांड्याबरोबरचा रखवालदार, सर्वच हत्यारबंद. शिवाय फौजेस एकसारखा गणवेष नाहीं, आणि फौजेंतील मोठा भाग स्वतःचीं हत्यारें घेऊन येणाऱ्या शिलेदारांचा. पेशवाईंत तर त्यांचें प्रमाण वाढतच गेलें. अशा ठिकाणीं चिन्ह निरुपयोगी ठरतें व यादच कामास येते. या पद्धतीचा गुण असा कीं, शिपायाच्या अंगास, वेषास किंवा जातिधर्माच्या खुणेस राज्याचा हात लागत नाहीं. तिचा दोष असा कीं, कागद ढिला पडला कीं सगळेंच ढिलें पडतें. शिलेदाराचें सर्व भांडवल म्हणजे त्याचा घोडा. तो गेल्यास पोट जाणार, हें जाणणारा स्वार तो घोडा जपूनच पुढें घालणार.

अंगावरील सक्तीच्या वस्तूनें केवढा अनर्थ होऊं शकतो हें कंपनी सरकारास वेलोर येथें कळून आलें. मद्रासचा सेनापति सर जॉन क्रॅडॉक याच्या कारकीर्दींत, १८०५ च्या नोव्हेंबरांत, शिपायांसाठीं नव्या तऱ्हेचें पागोटें ठरविण्यांत आलें. त्यावर कातड्याचा तुरा होता. कवाईतीच्या वेळीं कपाळावरील गंध व कानांतील बाळ्या यांसहि मनाई झाली. हें पागोटें घालून घरीं गेल्यास आपले भाऊबंद आपणांस बाटलेले समजतील, ही शिपायांची खरी भीति होती. १० जुलै १८०६ रोजीं वेलोरच्या किल्ल्यांत उठाव झाला. टिपूचे मुलगे तेथें नजरकैदेंत असल्यामुळें त्यास राजकीय अंगहि होतें. पुढें हुकूम मागें घेण्यांत आला, आणि क्रॅडॉक व गव्हर्नर बेंटिंक या दोघांसहि परत बोलाविण्यांत आलें. सरकारच्या दृष्टीनें जी केवळ ठराविक नमुन्याची वस्तु, ती शिपायाच्या दृष्टीनें गांवासमोर द्यावयाची जबानी होती.

घोडदळांत मात्र कंपनीनें आपलीच जुनी पद्धति उचलली, आणि शिलेदार हा शब्द इंग्रजी लष्करी भाषेंत रूढ झाला. १८१७ च्या पुणें येथील तहानंतर उभारलेलें पुण्याचें घोडदळ याच धर्तीचें होतें. पुढें पुढें नवा स्वार घोड्याबद्दल ठराविक रक्कम रेजिमेंटांत भरी, व नोकरी सुटतांना ती परत मिळे. घोडा, खोगीर, कपडे व तरवार स्वाराच्या खर्चानें. बंदूक व दारूगोळा मात्र सरकारचा. एकाच माणसाच्या अंगावर दोन मालकींच्या वस्तू लटकत असत. १९१४ सालीं मद्रासकडील तीन रेजिमेंटें वगळतां हिंदी घोडदळ सर्व शिलेदारी होतें. परंतु पहिल्या महायुद्धांत, परमुलखांत वर्षानुवर्षें लढतांना, स्वारानें स्वतःचें सामान स्वतः पुरविणें अशक्य झालें, व १९२१ च्या सुमारास ही पद्धति बंद पडली.

मधल्या काळांत १८७८ चा हत्यारांचा कायदा झाला होता. परवान्यावांचून हत्यार बाळगणें सामान्य माणसास बंद झालें. तेव्हांपासून रस्त्यानें बंदूक घेऊन जाणारा तो सरकारचा, असें समीकरण आपल्याकडेहि रूढ झालें. जें काम पूर्वीं याद करीत असे, तें आतां वस्तु स्वतःच करूं लागली.

या विवेचनाचा संग्राहकांशीं निकटचा संबंध आहे. आपल्या कित्येक घराण्यांत जुनी तरवार देव्हाऱ्याजवळ टांगलेली असते व मोडी कागदांचे रुमाल माळ्यावर धूळ खात पडलेले असतात. तरवारीस गिऱ्हाईक मिळतें. हजिरीच्या व चीजवस्तूंच्या यादी रद्दींत जातात, कारण त्यांत ना लढाई असते ना सनद. परंतु वर दाखविल्याप्रमाणें मराठी शिपायाच्या वस्तूची ओळख वस्तूवर लिहिलेली नाहीं; ती याच नीरस यादींत आहे. यादीपासून तुटलेली तरवार शिलेदाराची वडिलोपार्जित, बारगिराची सरकारी कीं लुटींतून आलेली, हें पुढें कोणासहि सांगतां येणार नाहीं. प्रशियाचा तांबडा पट्टा पेटींत सांपडला तर तो एकटाहि बोलतो; आपली तरवार एकटी मुकी आहे.

म्हणून आमची विनंति अशी कीं, शस्त्र मिळेल तेथें त्याच घरांतील कागद आधीं पाहावे. दोन्ही वेगळे करावयाची पाळी आलीच, तर कोणती वस्तु कोणत्या गांवाहून, कोणत्या रुमालाबरोबर आली एवढें तरी टिपून ठेवावें. दसऱ्याच्या छावणींत ज्या कारकुनानें शिपायाच्या चीजवस्तूंची याद केली, त्याचें काम तेव्हांच संपलें असें समजूं नये. तें पुढें चालविणें आतां आपणांकडे आहे.