निवारे, रस्त्यावरील : (ब्रिटन)
दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्याच्या वेळी वाटेत सापडलेल्या पादचाऱ्यांसाठी आणि परस नसलेल्या घरांतील रहिवाशांसाठी ब्रिटिश शहरांतील रस्त्यांवर १९४० पासून बांधलेले विटांचे सार्वजनिक निवारे. भिंती सुमारे ३५ सेंमी. जाड, वर सलोह काँक्रीटचा स्लॅब. एकात साधारण ५० माणसांची सोय असे. सिमेंटची टंचाई आणि त्यात संदिग्ध सरकारी सूचना, यांमुळे काही निवारे नुसत्या चुना-वाळूत बांधले गेले. स्फोटाच्या धक्क्याने अशा निवाऱ्यांच्या भिंती ढासळत व अख्खे छत आतल्या माणसांवर येई. त्यामुळे लोकांनी रस्त्यावरील निवाऱ्यांकडे पाठ फिरवली.

१९४५ नंतर हे अंधारे, कुबट खोके रहदारीला अडचण ठरले. ते पाडण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. परंतु मजूर घरदुरुस्तीत गुंतल्याने काम रेंगाळले. भिंती पाडणे त्या मानाने सोपे, सळयांचे छत फोडणे मात्र जिकिरीचे होते. शाळांच्या आवारांतील काही निवारे कोठ्या म्हणून टिकले. परसांतील पन्हळी पोलादी पत्र्यांचे ‘अँडरसन’ निवारे सरकारने परत घेतले. अनेकांनी मात्र अल्प किंमत भरून ते बागेची अवजारे ठेवण्यासाठी राखले.